सुभद्राबाईंचा बेडूक

"अन् पुस्तकावर काय छापलं आहे? वाच ना! वाच, साऱ्यायले ऐकू दे!" शेखर ते जुनं पुस्तक बायकोच्या तोंडासमोर नाचवत होता. "लेखक व चित्रकार, महादेवराव. लेखक अन् चित्रकार, दोन्ही! आता तू तुह्या मनानं बदलतं का?"

"दुकानाच्या पाटीवरही 'प्रोप्रायटर शेखर' छापलं आहे," जयमाला पोळी लाटता लाटता म्हणाली. "लायसन कोणाच्या डिग्रीवर आहे, थे विचारा आधी."

"दुकान कुठून आणलं इथं?"

"तुमी छापलेलं दाखवलं, मीही छापलेलंच दाखवलं."

शेखरचं नांदुऱ्यात खता-बियाण्यांचं दुकान होतं. परवाना जयमालाच्या कृषी पदवीवर मिळालेला होता आणि पाटीवर नाव शेखरचं होतं. ही गोष्ट त्या घरात अधूनमधून निघायचीच, पण आज ती बेडकावरून निघाली होती.

शेखरचे वडील महादेवराव ज्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवत होते, तिथे नवी प्रयोगशाळा बांधून झाली होती. शाळेत आता बेडूक कापायला बंदी आहे, म्हणून भिंतींवर प्राण्यांची चित्रं मोठी करून रंगवायची ठरलं, आणि तीही महादेवरावांच्याच पुस्तकातली. सर जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं 'सचित्र शालेय जीवशास्त्र' जुन्या विद्यार्थ्यांच्या अजून लक्षात होतं. दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर पोट उघडलेला बेडूक येणार होता. खाली महादेवरावांचं नाव.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग रंगारी पुस्तक न्यायला घरी आला आणि शेखरच्या आईच्या, सुभद्राबाईंच्या तोंडून निघून गेलं, "बेडकाच्या मागच्या पायाच्या बोटांमधली कातडी एका रंगात भरू नको रे. मी तिथं टाकानं ठिपके ठिपके दिले होते."

जयमाला चहा घेऊन येत होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "तुमी दिले होते, आत्याबाई?"

तेव्हापासून हे चाललं होतं. जयमालाने त्याच दिवशी प्रयोगशाळेचा खर्च करणाऱ्या डॉक्टर निवृत्तींना फोन लावला. चित्रं सासूबाईंनी काढलेली आहेत, नाव त्यांचंच लागलं पाहिजे. नात मनाली दहावीत, त्याच शाळेत. तिने पुस्तकातल्या सशाचा फोटो मोबाइलवर टाकला, खाली लिहिलं, 'माझ्या आजीने काढलेला'.

"माझं नाव नको," अंबाडीची भाजी निवडत बसलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या.

"पाह्य! तिलेच नको आहे!" शेखर म्हणाला.

"त्यायले कधी कोणी विचारलं का, की हवं आहे म्हनून? बायकायले नकोच म्हणायची सवय लावून ठेवली आहे या घरानं."

"ह्या घरानं? ह्या घरानं तुले काय कमी केलं?"

दोघांचं बोलणं पुन्हा दुकानावर घसरलं. सुभद्राबाईंनी मान वर केली नाही. भांडण त्यांच्या नावाचं होतं, पण त्यांच्याशी कोणी भांडत नव्हतं.

खरं सांगायचं तर गेले काही दिवस त्यांना बरं वाटत होतं. गुरुवारच्या भजनाला गेल्या तर बायकांनी सरकून जागा केली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आमाले वाटलं तुमी फक्त पापड लाटता, तुमी तं चित्रकार निघाल्या बाप्पा." सगळ्या हसल्या आणि सुभद्राबाईही हसल्या. घरी येताना पदर नीट करून, जरा सावकाश चालल्या. 'नाव नको' असं त्या म्हणत होत्या ते खरं होतं; पण ते त्या जोरात म्हणत नव्हत्या, हेही खरं होतं.

सुभद्राबाईंचं माहेर लोणारजवळच्या एका खेड्यातलं. सातवीपर्यंत शाळा गावात होती, पुढची लोणारला. एकट्या मुलीला एसटीने कोण पाठवणार, म्हणून सातवीनंतर शाळा संपली आणि भरतकाम सुरू झालं. मावशीने शिकवलं. टेबलावरचे रुमाल, उशांचे अभ्रे, दारावरची तोरणं. महादेवराव पाहायला आले तेव्हा घरच्यांनी रिवाजाप्रमाणे मुलीचं भरतकाम सतरंजीवर मांडून ठेवलं होतं. जीवशास्त्राच्या त्या तरुण मास्तरांनी अभ्र्यावरचा मोर उचलून पाहिला आणि विचारलं, "याच्या पायाले मागचं बोट आहे. हे कोणी सांगतलं?" मुलगी म्हणाली, "कोणी सांगाले काहाले पाह्यजे? मोर येतेत आमच्या वावरात." पुढे कित्येक वर्षं सासरी थट्टा व्हायची, की महादेवरावांनी मुलगी पाहिलीच नाही, मोर पसंत केला.

महादेवरावांनी पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा शेखर रांगत होता. मराठीत मुलांना समजेल असं, चित्रांचं पुस्तक त्यांना करायचं होतं. लिहिणं त्यांना जमत होतं. चित्र काढायला बसले की बेडकाचा बटाटा व्हायचा. एका संध्याकाळी त्यांनी अकोल्याच्या कॉलेजातून ओळखीने आणलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक बायकोपुढे ठेवलं. म्हणाले, "याच्यातले प्राणी मले काढून दे. जसेच्या तसे. पुस्तक लवकर परत करायचं आहे."

सुभद्राबाईंनी ते काम त्यांना येत होतं तसं केलं. अभ्र्यावर नमुना उतरवतात तसं. नमुन्यावर पातळ तेलकट कागद ठेवायचा, मऊ पेन्सिलीने रेघा घ्यायच्या, मग तो कागद पालथा घालून वरून चमच्याच्या पाठीने घासायचं. पेन्सिलीचं शिसं खाली उतरतं. मग त्यावर शाईचा टाक फिरवायचा. अशाने नमुना उलटा उमटतो, डावीकडे पाहणारा मोर उजवीकडे पाहायला लागतो. पण उशांची जोडी असते, आणि दोन उशांवरचे मोर एकमेकांकडे पाहणारे असावे लागतात. तेव्हा एक सुलट घासायचा, एक उलट. त्यात चूक काही नसते.

ससा उलटा झाला, काही बिघडलं नाही, त्याने तोंड दुसरीकडे केलं इतकंच. कबुतराचंही तसंच. सरडा तर त्यांनी कुंपणावरचा पाहूनच काढला. बेडूक मात्र पाठीवर पडलेला, पोट उघडलेला होता. बाहेरून बेडूक दोन्ही बाजूंनी सारखा असला तरी आतून नसतो. त्याचं जठर शरीराच्या डाव्या बाजूला असतं, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला. सुभद्राबाईंच्या चित्रात ते पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला गेलं. महादेवरावांनी आपल्या सुंदर अक्षरात प्रत्येक अवयवाला रेघ काढून नाव लिहिलं. पुस्तक छापून आलं. शाळेत पेढे वाटले. मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून बायकोचं नाव घालावं, हे त्यांना सुचलं नाही आणि तिलाही सुचलं नाही.

भांडणाच्या त्याच दिवशी दुपारी डॉक्टर निवृत्ती आले. शेगावला त्यांचा मोठा दवाखाना आहे. गाडी दाराशी लावून, चपला काढून, सुभद्राबाईंच्या पाया पडूनच ते खुर्चीवर बसले. डॉक्टर बोलके आणि हसतमुख, साठीच्या पुढचे असूनही या घरात आले की विद्यार्थी व्हायचे.

"काकू, चित्रं तुमी काढले? अन् आमी सरांना म्हणत राह्यलो, सर तुमचा हात किती गोड! सर नुसते मिशीत हसायचे. आता कळलं काहाले हसायचे!"

शेखरचं तोंड आंबट झालं. जयमालाने मोठ्या वाटीत चिवडा आणून ठेवला.

"पण मी तुमाले एक गंमत सांगतो," डॉक्टर म्हणाले. "या बेडकापायी मी मार खाल्ला आहे. आमी दहावीत असताना सरांनी वर्गात बेडूक कापला. मी पुढच्या बाकावर. मी म्हटलं, सर, पुस्तकात जठर या बाजूले आहे अन् याचं त्या बाजूले आहे. सर म्हणाले, पुस्तकात बरोबर आहे, तुह्याच डोक्यात उलटं आहे! अन् लाकडी पट्टी घेऊन हातावर दोन! मी घरी जाऊन आरशापुढं उभा राहून पोट चाचपून राह्यलो, की मी उलटा का बेडूक उलटा."

जयमाला हसली. शेखरही हसला, कारण गोष्टीत बाबा सरस ठरले होते.

"अन् त्यानंतर सर बेडूक कापाले घेत, तं त्याचं डोकं नेहमी आमच्याकडं करून ठेवत. आमी म्हणो, सर, आमाले उलटा दिसते. तं म्हणत, दिसू दे, उलटं पाहाले शिका." डॉक्टर चिवड्याचा बोकाणा भरून पुढे म्हणाले, "माह्यं तं वर्गातच झालं. खरी फजिती कडूबाची झाली. भाजीवाला कडूबा हो. आमच्या मागच्या वर्षी होता. चित्रकला काय त्याची! पुढच्या साली बुलढाण्याले जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. त्यानं हाच बेडूक एवढ्या मोठ्या चार्टवर काढून नेला. तिथले परीक्षक म्हणाले, काय रे, नांदुऱ्याचे बेडूक आरशात पाहून कापता का? सारा हॉल हसला. पोट्टं रडत रडत एसटीत बसलं. मी त्यालेही बोलावलं आहे उद्घाटनाले. जुनी गंमत."

"पण काका," मनाली म्हणाली, "जठर खरं कोणत्या बाजूला असते?"

"डाव्या, बेटा. बेडकाच्या डाव्या."

मनालीने मोबाइलवर खऱ्या बेडकाचं चित्र शोधलं. पुस्तक उघडून शेजारी ठेवलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "आजी, हे तर उलटं आहे. पूर्ण उलटं. आरशातल्यासारखं."

डॉक्टरांनी चष्मा लावला. पुस्तक जवळ घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथेच अडकून राहिलं. "अरे," ते म्हणाले. "म्हणजे..."

मग शेखर म्हणाला, "छापणाऱ्यानं उलटं छापलं असीन. त्या काळात ब्लॉक करत. एखांदा अडाणी कारागीर असीन, फिल्म उलटी ठेवली असीन."

"हाव, तसंच," जयमाला लगेच म्हणाली. सकाळपासून नवरा-बायकोचं पहिल्यांदा एकमत झालं. "छापखान्याची चूक. आत्याबाईनं बरोबरच काढलं असीन."

"बरोबर, छापखान्याचीच," डॉक्टर सुटल्यासारखे म्हणाले. "अन् आता काय अवघड आहे? कॉम्प्युटरवर एक बटन दाबलं की चित्र सरळ. रंगारी सरळ करूनच काढीन. खाली लिहू, लेखक महादेवराव, चित्रकार सुभद्राबाई. दोघायचंही नाव. झालं?"

झालं. शेखरला मान्य होतं, जयमालाला मान्य होतं. सगळ्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिलं.

सुभद्राबाईंनी कपबशा गोळा केल्या. "चहा अजून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

त्यांना बोलता आलं असतं. मोरीत कप विसळताना त्या तेच मनाशी म्हणत होत्या, की बोलता आलं असतं. शेखरने कधी न पाहिलेल्या, बहुतेक आता जिवंतही नसलेल्या कारागिरावर ढकललं, आणि आपण चहाचं विचारलं.

कारण त्यांना माहीत होतं, आजचं नाही, तेव्हापासूनच. निवृत्तीला पट्टी मारली त्या दिवशी महादेवराव घरी येऊन जेवताना सांगत होते, की एक पोट्टं फार शहाणं आहे, पुस्तकाला चूक म्हणतं. सुभद्राबाई भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांचा हात थांबला. मग कपाटातून त्यांनी अभ्र्यांची जोडी काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली. एक मोर इकडे पाहत होता, एक तिकडे. "मी सारे प्राणी या दुसऱ्यासारखे उतरवले," त्या म्हणाल्या. "पोट्टं खरं म्हणून राह्यलं."

महादेवरावांनी दोन्ही मोर शेजारी धरून पाहिले. जेवण तसंच राहिलं. शेवटी हात धुऊन म्हणाले, "हे कुठं बोलायचं नाही. पुस्तकं विकल्या गेले आता." बायकोवर ते रागावले नाहीत. त्यांनी कधीच तिला दोष दिला नाही, आणि त्यामुळे तिला त्यांच्याविरुद्ध बोलायला तोंडही उरलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून ते बेडकाचं डोकं मुलांकडे करून ठेवायला लागले. तसं ठेवलं की जठर मुलांच्या डाव्या हाताला दिसतं, पुस्तकातल्यासारखं.

इथपर्यंतचं एक वेळ चालून गेलं असतं. पण पुढच्या वर्षी कडूबा चार्टचा कागद घेऊन घरीच आला होता. काळासावळा, तेल लावून चापून भांग पाडलेला मुलगा. "काकू, मांगून कापड लावाचं आहे, खळ देता का?" सुभद्राबाईंनी मैद्याची खळ शिजवली. स्वतःच्या हाताने कागदामागे कापड चिकटवलं, सुरकुती पडू दिली नाही. कागदावर बेडूक होता, पुस्तकातला, हुबेहूब. महादेवराव दारात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. मुलगा चार्टची गुंडाळी काखेत मारून आनंदाने गेला.

कडूबा पुढे भाजी विकायला बसला. बाजारात शिरताना पहिलंच दुकान त्याचं. सुभद्राबाई तिथून कधी भाजी घेत नसत. मान खाली घालून पुढे जायच्या, पार टोकाच्या बाईकडून जून भेंडी आणायच्या. जयमाला म्हणायची, "कडूबाकडं ताजी असते ना, आत्याबाई." त्या म्हणायच्या, "महाग देते तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या आणि कडूबाच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या.

कडूबाचे केस पिकले होते. वांग्यांवर पाणी शिंपडत होता. मान वर करून पाहिलं तर हातातला मग तसाच राहिला.

"काकू? आज इकडं सूर्य उगवला का?" मग स्वतःच घाईने उठला, गोणपाट झटकलं. "बसा, बसा. काय देऊ? वांगे पाहा, माह्याच वावरातले आहेत. कीड नाई एकही."

"दे अर्धा किलो."

त्याने एकेक वांगं दाबून पाहत तराजूत टाकलं. सुभद्राबाई उभ्याच होत्या.

"शाळेत कार्यक्रम आहे म्हणते," त्या म्हणाल्या. "तुले बोलावलं आहे ना?"

"हाव, निवृत्ती डॉक्टरचा फोन आल्ता." कडूबा हसला. "मी नाई येत, काकू. मालाची गाडी असते त्या दिवशी."

"शनवारी कुठी गाडी असते?"

तो तराजूतली वांगी उगाच खालीवर करायला लागला. "मोठा बेडूक काढून राह्यले म्हणते भिंतीवर. लोकायले आठवीन मंग. आता सून आली घरात, नातू आहे. त्यायच्यापुढं कोणी हसलं तं बरं नाही वाटत."

सुभद्राबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले. "तुह्या त्यात काय दोष होता रे?"

"दोष कसा नाई? मीच उलटा काढला ना." त्याने सहज सांगितलं, पाऊस पडला होता असं सांगावं तसं. "पुस्तकात पाहून काढाचा होता, तोही उलटा निघाला माह्या हातून. कसा निघाला मले अजून समजलं नाही. घरी येऊन पुस्तक उघडून पाहाची हिंमत नाई झाली. बापानं म्हणलं, ठेव थे कागदं, वावरात चाल. मले ड्रॉइंग मास्तर व्हायचं होतं, काकू. पण ज्याले समोरचं पाहून काढता येत नाही, तो पोरायले काय शिकवीन?"

"तू पुस्तक पाह्यलंच नाही मंग?"

"नाई. विकून टाकलं." त्याने वांगी पिशवीत ओतली, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. "पण सर देवमाणूस. साऱ्या शाळेचं नाव खराब केलं मी बुलढाण्याले, सर एक शब्द बोलले नाई. दुसऱ्या मास्तरनं सोलून काढलं असतं. सर मले दिसले की मान खाली घालत. मले वाटे, माह्यासाठी त्यायलेच लाज वाटून राह्यली."

मागे एक गिऱ्हाईक आलं होतं, टमाट्याचा भाव विचारत होतं. कडूबा तिकडे वळला. सुभद्राबाईंनी तोंड उघडलं होतं. गिऱ्हाइकाला हिरवे टमाटे नको होते, कडूबा पिकलेले शोधत होता. त्याला वेळ लागणार होता, त्या थांबू शकत होत्या. त्या थांबल्या नाहीत. त्याने हाक मारून पैसे नको म्हटलं, ते ऐकू न आल्यासारखं करून नोट वांग्यांवर टाकली आणि निघाल्या. रस्त्याने कोणीतरी नमस्कार केला, तोही त्यांनी घेतला नाही.

घरी सगळे जेवायला बसायच्या तयारीत होते. घरात कालपासून सणासारखं वातावरण होतं. शेखर जयमालाला 'अहो चित्रकाराच्या सूनबाई' म्हणून चिडवत होता. रंगाऱ्याचा फोन येऊन गेला होता, नावं कशी लिहायची ते त्याला लिहून हवं होतं. मनालीने मोबाइलवर ते सुंदर अक्षरात मांडून ठेवलं होतं.

"आई, पाह्य," शेखर म्हणाला. "बाबाचं नाव वर, तुझं खाली. एकाच मापाचं अक्षर. जयमाला म्हणे तुझं मोठं करा, मी म्हटलं नाही, बरोबरीचं. अन् बेडूक सरळ करून घेतला. आता कोणी बोट ठेवून दाखवा म्हणा."

सुभद्राबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली.

"कोथिंबीर किती ताजी आहे," जयमाला म्हणाली. "कुठून आणली?"

"कडूबाकडून." सुभद्राबाई पाटावर बसल्या नाहीत. "छापखान्याची चूक नाही. कागद मी पालथा घासला. अभ्र्यावर घासतात तसा. निवृत्तीले मार बसला त्याच दिवशी मी यायले सांगतलं होतं."

शेखरचा हात मोबाइलवरच राहिला. "बाबाले माहीत होतं?"

"हाव."

"अन् कडूबा चार्ट घेऊन गेला तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. मागचं कापड मी लावून दिलं."

मनाली आजीकडे पाहत होती. त्या दिवशी सशाच्या फोटोखाली लिहिताना पाहिलं होतं तसं नव्हे. सुभद्राबाईंना ते दिसलं आणि त्यांनी नजर काढून घेतली.

"बरं, झालं गेलं," शेखर घाईने म्हणाला. "आता बाबा नाहीत. अन् चित्र तं आपण सरळ केलं. मंग कोणाले सांगाचं काय काम आहे? साऱ्या गावात बाबाचं नाव आहे, आई. जुने पोट्टे पाया पडतात अजून त्यायच्या फोटोच्या."

"आत्याबाई, तुमी कडूबाले घरी बोलवा, मी साडी-टोपीचा आहेर करते त्यायले," जयमाला हळूच म्हणाली. "चारचौघात नका बोलू. तुमाले कसं वाटीन?"

"तो म्हणते, मीच उलटा काढला. अजून तेच म्हणते."

शेगडीवरचं वरण उतू चाललं होतं, जयमालाने उठून गॅस बारीक केला.

"आज मी तिथं उभी होती अन् सांगता आलं नाही मले," सुभद्राबाई म्हणाल्या. "म्हनून तुमाले सांगून ठेवते, म्हणजे मले मागं सरता येणार नाही. शेखर, संध्याकाळी तू मले कडूबाच्या घरी घेऊन चाल. त्याची बायको, पोरगा, सून, सारे असतानी मी सांगीन. शनवारी शाळेत माईकवर सांगीन, यायचं नाव घेऊन अन् माझं नाव घेऊन. रंगाऱ्याले फोन लाव. भिंतीवर दोघायचंही नाव लागणार नाही."

शेखर काहीतरी बोलायला गेला.

"लाव फोन," सुभद्राबाई म्हणाल्या. "मंग जेवू."